डोळा विकत मिळत नाही

सप्टेंबर २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याची बातमी आली आणि आपण सगळेच हरखून गेलो. यान आपलं, रॉकेट आपलं. पण चांद्रयान-१ वरच्या ज्या उपकरणाला त्या खुणा दिसल्या, ते 'मून मिनरॉलॉजी मॅपर' नासाचं होतं. पाणी आणि हायड्रॉक्सिल ३ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. ती घट टिपणारा त्यातला डिटेक्टर होता मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा, थोडक्यात एमसीटीचा.

हे एमसीटी म्हणजे सरकारी पैशाचं अपत्य. १९५९ साली इंग्लंडात माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या लोकांनी ते जगापुढे आणलं. पारा आणि कॅडमियमचं प्रमाण बदललं की कुठल्या तरंगलांबीपर्यंत दिसेल ते ठरवता येतं. ऐकायला मस्त, पण करायला महाकठीण. पारा क्रिस्टलमध्ये धड टिकत नाही. एकसारखा थर वाढवायचा, मग एकेक पिक्सेल इंडियमच्या ठिपक्याने खालच्या सिलिकॉन चिपला जोडायचा. वर सगळं थंड ठेवायचं, नाहीतर डिटेक्टर स्वतःच्याच उष्णतेने आंधळा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दुसऱ्याचा कोड उचलून पुढे जायची सवय. क्रिस्टल डाउनलोड होत नाही!

पुढे यात लष्कराचा पैसा आला. पण रणगाडा गरम असतो, त्याच्याकडून फोटॉन भरपूर येतात. दूरच्या आकाशगंगेकडून येतात मोजके. तिथे अंधारातही डिटेक्टरमधून झिरपणारा करंट जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. त्यासाठी नासा आणि हवाई विद्यापीठासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं पैसा आणि डोकं लावलं. १९९७ मध्ये हबलवर बसलेल्या निकमॉसचे डिटेक्टर २५६ × २५६ पिक्सेलचे होते. २०२१ मध्ये उडालेल्या वेबच्या एकट्या निअरकॅममध्ये २०४८ × २०४८ चे दहा आहेत. गिऱ्हाईकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना कुठली कंपनी स्वतःच्या खिशातून एवढा दम धरेल?

आता तुम्ही म्हणाल, मग विकत घ्या की. घेतोच आपण. टीआयएफआरचं टर्स्पेक हे उपकरण २०१३ पासून हानलेच्या दुर्बिणीवर आहे, त्यातला डिटेक्टर अमेरिकेच्या टेलिडाइनचा. पण अशा मालावर निर्यात परवान्याची टांगती तलवार असते. साधे स्वस्तातले थर्मल कॅमेरेसुद्धा बरेचदा सेकंदाला ९ फ्रेमच्या आत मुद्दाम बांधलेले असतात, कारण त्याच्या वर परवान्याचे नियम कडक होतात. सगळ्यात तीक्ष्ण डोळा कोण कशाला विकेल?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटींची आरडीआय योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण तिचा रोख खाजगी क्षेत्रावर आणि टीआरएल-४ च्या पुढच्या, म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानावर आहे. क्रिस्टल वाढवण्याची झटापट त्याच्या बरीच अलीकडची. तिथे कर्ज चालत नाही, अनुदानच लागतं.

दिल्लीची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी एमसीटीवर कित्येक वर्षं काम करतेय. चांद्रयान-२ वरचा ५ मायक्रॉनपर्यंत बघणारा स्पेक्ट्रोमीटर इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने बांधला. म्हणजे माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की खगोल आणि उपग्रहांसाठीच्या डिटेक्टरना पंधरा वर्षांचा, मोहिमांच्या बजेटपासून वेगळा पैसा द्या. यान लांबणीवर पडलं तरी भट्टी चालू राहिली पाहिजे.

पंधरा वर्षांत काहीच निघालं नाही तर? रास्त प्रश्न. म्हणून दर तीन वर्षांनी डार्क करंट किती, मेलेले पिक्सेल किती, हे आकडे जाहीर करा. सुधारत नसतील तर खुशाल बंद करा. पण बिघडलेल्या वेफरला उधळपट्टी म्हणू नका. ती या विद्येची फी आहे, आणि माल्व्हर्नपासून सगळ्यांनी ती भरलीय.