मन सणात नसेल, तर...

वसुबारस जवळ आली की सरकारी रुग्णालयातली गर्दी ओसरते. ज्याला थांबता येते तो ‘दिवाळीनंतर दाखवू’ म्हणून थांबतो. कुणाची सोयाबीनची मळणी राहिलेली असते, कुणाला माल बाजार समितीत न्यायचा असतो, कुणाच्या घरी पुण्याहून लेकरे यायची असतात. तरीही या दिवसांत काही रुग्ण हमखास येतात. डोके दुखते, अंग मोडून आल्यासारखे वाटते, छातीत धडधडते, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. रक्तदाब पाहावा तर ठीक, साखर ठीक, ईसीजीही ठीक.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या एक बाई अशाच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डोकेदुखीसाठी त्यांची ही तिसरी खेप. तपासणीत काही सापडेना. चिठ्ठी लिहिता लिहिता मी सहज विचारले, ‘‘ताई, फराळाला लागल्या की नाही?’’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘कायची दिवाई डॉक्टरसायेब! मानूसच नाई राह्यलं घरात.’’

आषाढात त्यांचे यजमान गेले होते. मुलांना दिसू नये म्हणून त्या गोठ्यात जाऊन रडत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा सांगे, ‘लेकराइकडे पाहून हसत राहा.’ त्या हसत राहिल्या आणि त्यांचे डोके दुखत राहिले.

अशी घरे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. कुठे वर्षभरात माणूस गेलेले असते. कुठे सोयाबीनच्या पैशांवर दिवाळीचे कपडे ठरलेले असतात आणि ओलाव्याचे कारण सांगून हमीभावापेक्षा कमी दराने माल द्यावा लागतो. कुठे दोघेच म्हातारे असतात आणि मुलाचा फोन येतो, ‘यंदा सुटी नाही मिळाली.’ कुठे लेक सासरहून परत आलेली असते आणि भाऊबीजेला येणाऱ्यांना काय सांगायचे, हा घोर असतो. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वर्धा यांच्यासोबत वाशीमचेही नाव २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत होते. ते का होते, हे आपल्याला सांगायला नको.

दुःख वर्षभर असते, पण सणात ते जास्त टोचते. एरवी माणूस शेतात, घरकामात गुंतलेला असतो. सणाला हात मोकळे होतात आणि आजूबाजूचे सगळे आनंदात दिसतात. मोबाइलवर तर सगळ्यांचीच दिवाळी झगमगीत असते. मग मूळ दुःखावर दुसरे ओझे चढते, ‘सगळ्यांना बरे वाटते, मलाच का नाही?’ माझ्या अनुभवात पहिल्या दुःखापेक्षा हे दुसरे ओझे माणसाला जास्त थकवते. म्हणून आधी एवढे सांगतो की, सणाला आनंद न वाटणे हा गुन्हा नाही. त्याने कुणाच्या लक्ष्मीपूजनात विघ्नही येत नाही.

आता प्रश्न असा की, मन नसताना सण करायचा की नाही? आपल्याकडे दोन टोकाची उत्तरे मिळतात. ‘यंदा काहीच नाही’ हे एक आणि ‘काही झाले तरी सगळे साग्रसंगीत करा’ हे दुसरे. वैद्यकशास्त्राचे उत्तर या दोहोंच्या मधले आहे.

आपण समजतो की आधी मन प्रसन्न होते आणि मग हात कामाला लागतात. उदास मनाच्या बाबतीत हा क्रम बहुधा उलटा चालतो. मन उतरले की माणूस एकेक गोष्ट सोडतो. आधी पारावर बसणे सोडतो, मग भजन, मग शेजाऱ्याशी बोलणे. जे सोडले त्यातूनच थोडेबहुत बरे वाटत असे, त्यामुळे मन आणखी उतरते. हे चक्र तोडायचे तर मन येण्याची वाट न पाहता ठरवून एक लहानसे काम करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे आणि मनाला मागून येऊ द्यायचे. या उपचाराची चाचणी आपल्या शेजारच्या गोव्यात झाली आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांवर हा प्रयोग झाला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठकांत त्यांनी रुग्णांना अशीच छोटी कामे ठरवून करायला शिकवले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार, पण थोडे सुधारून मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

दिवाळीपुरते याचे रूप सोपे आहे. पाच दिवसांच्या दहा गोष्टींतून एकच निवडा. दाराशी एक पणती किंवा एखादाच पदार्थ, तोही किलोभर नको. कुणाच्या घरी दहा मिनिटे जाऊन बसणे चालेल. निवडताना ‘मला आवडेल का’ असे मनाला विचारू नका, ते ‘नाही’च म्हणेल. ‘मला जमेल का’ एवढेच विचारा. ते काम शक्यतो दिवसा, उजेडात आणि कुणासोबत करा. बाकीच्या नऊ गोष्टी यंदा राहू द्या. उधारी करून सण साजरा करण्याची गरज तर मुळीच नाही. फटाक्यांचे पैसे फिटायला लागतात तेव्हा घरात पुन्हा तोच घोर सुरू होतो.

झोपेची आणि जेवणाची वेळ मात्र सणातही मोडू देऊ नका. ‘दोन घोट घेतले की बरे वाटते’ असे सांगणारे सणाला पुष्कळ भेटतात. दारू सुरुवातीला गुंगी आणते, पण पहाटेची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते. उदास माणसासाठी ती सर्वांत वाईट सोबत आहे.

दुःखाला आपल्या दिवाळीत जागाच नाही, असेही नाही. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून लावतो तो दिवा यमासाठी असतो. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर बंजारा समाज दिवाळीत पूर्वजांची आठवण करतो आणि अमावास्येच्या रात्री मुली हातात दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. गेलेल्या माणसाचे नाव घेणे सणाच्या रीतीतच बसते. म्हणून ‘आज त्यांचा विषय नको’ असे घरात कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. त्यांना आवडणारा पदार्थ करा, त्यांची एखादी गंमत मुलांना सांगा. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून नाही, या जिल्ह्यातला माणूस म्हणून सांगतो. ज्या बाईला आपण ‘हसत राहा’ म्हणतो, तिलाच औक्षणाच्या वेळी ‘तू जरा मागं हो’ असेही म्हणतो. एकीकडे आनंदी दिसायची सक्ती आणि दुसरीकडे दिव्याला हात लावायची बंदी. यातून माणूस आजारी पडणार नाही तर काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव कागदावर राहू शकतो. यंदा आपल्या घरातल्या ताटातली एक पणती तिच्या हाताने लागली, तर मात्र ते खरे होईल.

शेजाऱ्यांसाठीही दोन शब्द. दुखवट्याच्या घरी फराळाचे ताट नेऊन देण्याची रीत आपल्याकडे आहे. ती फार शहाणपणाची आहे, सोडू नका. फक्त ताट दारात ठेवून परतू नका, दहा मिनिटे बसा. ‘आता विसरा, पुढचं पाहा’ असे न म्हणता ‘कसं चाललंय?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सल्ला दिला नाही तरी चालते.

आणि भाऊबीज झाल्यावर पुन्हा एकदा जा. असे का म्हणतो ते सांगतो. पाश्चात्त्य देशांत नाताळात आत्महत्या वाढतात असा समज आहे. आकडे वेगळे सांगतात. अमेरिकेत डिसेंबर हा आत्महत्या कमी असणाऱ्या महिन्यांपैकी एक असतो. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की नाताळच्या आधी आत्महत्येचे प्रयत्न कमी होतात आणि सण झाल्यावर वाढतात. सण माणसाला थोडे धरून ठेवतो. पाहुणे गेले, घर रिकामे झाले, राहिलेली देणी समोर आली, की तो आधार सुटतो. आपल्याकडे नेमक्या याच वेळी रब्बीच्या पेरणीसाठी पैसा उभा करायचा असतो. म्हणून दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आपण जास्त जागे राहिले पाहिजे. घरात कुणी फार खचलेले असेल तर फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही खबरदारी जीव वाचवते.

साधे दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक कसा करायचा? दुःख लाटांसारखे येते. मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसू फुटते, जेवणाची चव लागते. नैराश्यात अशी उसंत मिळत नाही. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होते का? ज्या गोष्टी आवडत त्यांत रस वाटेनासा झाला आहे का? दोन्हीपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, ‘मी सगळ्यांना ओझे झालो’ असे वाटत असेल, तर डॉक्टरला दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दिवाळी संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी या. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

आम्ही आधी थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, चालू असलेली औषधे तपासतो, कारण यांनीही मन उतरते. मग गरजेप्रमाणे समुपदेशन, औषधे किंवा दोन्ही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका. सहसा बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या घ्याव्या लागतात.

देशात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. हे बदलू शकते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते २७ टक्क्यांवर गेले. जे अमरावतीच्या गावांना जमले ते रिसोड, मालेगाव, मानोऱ्यालाही जमेल.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी, आशाताईंशीही बोलता येते. घराबाहेर पडणे नको वाटत असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. दिवाळीच्या रात्रीही.

त्या ताईंना मी डोकेदुखीची गोळी बदलून दिली नाही. महिनाभर दर आठवड्याला बोलावले आणि एकच काम ठरवून दिले. यजमानांनी वाढवलेली गाय होती. तिची वसुबारसेची पूजा दरवर्षी तेच करत. यंदा ती ताईंनी करायची. ‘‘लोकं काय म्हनतीन?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘‘गाय काही म्हणते का, ते सांगा मला.’’ दिवाळीनंतर त्या आल्या. दिवाळी झाली का, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, ‘‘पूजा केली डॉक्टरसायेब. लय रडली मी. लेकरंबी रडले. मंग समद्याइनं संगं जेवलो.’’

त्या वर्षी त्यांच्या घरी आकाशकंदील लागला नव्हता, फटाकेही वाजले नव्हते. पण आषाढानंतर ते घर पहिल्यांदा एका पंगतीला बसले होते. डोकेदुखी जायला पुढे आणखी दोन महिने लागले.