पडद्यावर आपली बाई कुठे आहे?

खरिपाच्या तोंडावरची गोष्ट. तालुक्याच्या टोकाला असलेल्या एका कोरडवाहू गावात आम्ही बीजप्रक्रिया आणि बीबीएफ पेरणी या विषयांवरचा माहितीपट दाखवायला गेलो होतो. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. मंडळी बऱ्यापैकी जमली. पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे ओट्यावर. पट संपल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारले, "काही शंका?"

पुढून कुणी बोलले नाही. मागून साठीची एक आजी उठली. म्हणाली, "सायेब, पिक्चर चांगला हाय. पर त्यातली बाई एकदाच आली, अन् तीबी डोईवर भाकरी घिऊन. बी निवडून, राखंत घोळून ठिवतं कोण? खुरपतं कोण? ते कुठं दावलंच न्हाई."

हशा पिकला. मीही हसलो. पण परत येताना गाडीवर तेच डोक्यात घोळत राहिले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात तोच पट मी पुन्हा लावून पाहिला. आजीबाईंचे म्हणणे सोळा आणे खरे होते. पटातले सगळे शेतकरी पुरुष, सगळ्यांकडे विहीर किंवा बोअर, सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा. ज्या गावात मी तो दाखवला तिथे निम्म्याहून जास्त रान पावसाच्या भरवशावर आणि बियाण्याची सगळी उठाठेव बायांच्या हाती. म्हणजे बीजप्रक्रिया जिला शिकवायची ती मागे ओट्यावर बसलेली, आणि मी शिकवत होतो पुढच्यांना!

माहितीपट ही काही आजची गोष्ट नाही. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ सालची. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी त्यांचे अनुबोधपट दाखवले जात, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. (२०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.) १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. त्यातही शेती हा महत्त्वाचा विषय होता. हेतू चांगलाच होता. पण या सगळ्यात एक गोष्ट समान राहिली. सांगणारा शहरातला आणि ऐकणारा गावातला. कॅमेरा कायम त्यांच्या हातात.

पुढे काही जाणत्या मंडळींनी वेगळी वाट धरली. आपल्या विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामाचा मागोवा घेणारा 'नीरोज गेस्ट्स' हा पट दीपा भाटिया यांनी २००९ मध्ये केला. कच्छच्या छोट्या रणात वर्षातले आठ महिने मुक्काम ठोकून मीठ पिकवणाऱ्या कुटुंबावर फरिदा पाचा यांनी २०१३ मध्ये 'माय नेम इज सॉल्ट' केला. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही त्यांच्याकडे या पटांनी पाहायला लावले. त्यांचे मोल मोठे आहेच. तरीही कॅमेरा घेऊन येणारा माणूस बाहेरचा होता, काम झाल्यावर तो परत गेला.

आता आपल्या शेजारचे उदाहरण सांगतो. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागले आणि हुमनाबाद ओलांडले की जहीराबाद येते. त्याच्याजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. पूर्वी मेदक जिल्हा, आता तेलंगणातला संगारेड्डी. रान आपल्यासारखेच, पावसावरचे. पीकही आपल्यासारखेच, ज्वारी, तूर, राळा. या भागात 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' ही संस्था १९८३ पासून काम करते. गावोगावी बायांचे 'संघम' आहेत. बहुतेक बाया दलित, एक-दोन एकरवाल्या, कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. या संस्थेचे एक प्रमुख पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनचे निर्माते होते. (२०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.) नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या बायांतल्या काही जणींच्या हाती व्हिडिओ कॅमेरा देण्यात आला.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया कॅमेरा काय चालवणार, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले असते. पण त्यांनी तो चालवला, आणि त्याला स्वतःचे शब्दही दिले. वरून खाली पाहणारे दृश्य घेतले तर त्याला त्या 'पटेल शॉट' म्हणतात, कारण गावचा पटेल, म्हणजे आपला पाटील, मजुराकडे तसाच पाहतो. खालून वर पाहणारे दृश्य म्हणजे मान वर करून मालकाकडे पाहणाऱ्या सालगड्याची नजर. आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवर बसून घेतलेले दृश्य म्हणजे 'संघम शॉट'. संघममध्ये कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मी पदविकेला विस्तारशिक्षण शिकलो, परीक्षेत गुणही बरे पडले. पण विस्तारकार्य म्हणजे काय, हे या तीन शब्दांत जितके कळले तितके पुस्तकात कळले नव्हते. आम्ही शेतकऱ्याशी बोलतो ते बहुतेक वेळा पटेल शॉटनेच, हे कबूल करायला हवे.

या बायांनी केलेले काम नुसते कौतुकापुरते नाही. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. आंध्रात वरंगळ भागातल्या शेतकऱ्यांनी तो लावला. या बाया कॅमेरा घेऊन तिकडे गेल्या आणि हंगामभर पुन्हा पुन्हा त्याच शेतकऱ्यांकडे जात राहिल्या. पेरणी झाली, फवारण्या झाल्या, वेचणी झाली. काय खर्च आला, काय पदरात पडले, ते शेतकऱ्याच्याच तोंडून नोंदवले. त्यातून २००३ मध्ये पट तयार झाला, पुढे तीन वर्षांचा हिशेब मांडणाराही झाला. २००५ मध्ये केंद्राच्या समितीने आंध्रात बीटीच्या पहिल्या तीन संकरित वाणांच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. ते एका पटामुळे झाले असे मी म्हणणार नाही, तक्रारी अनेकांनी केल्या होत्या. बीटीबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, नंतर तो देशभर पसरला हेही खरे. मुद्दा तो नाही. शेतकऱ्याकडे हंगामभर जाऊन त्याचा हिशेब नोंदवणे हे खरे तर आमचे काम. ते अक्षरशत्रू म्हणवल्या गेलेल्या बायांनी केले, हा मुद्दा आहे.

याच बायांनी २००८ मध्ये माचनूर गावात स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्यांतून देशी बियाण्यांची जत्रा निघते, त्याचेही चित्रण त्या करतात. २०१९ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्या भरडधान्याला आपण गरिबाचे खाणे म्हणून बाजूला सारले, त्याच्या नावे २०२३ मध्ये जगाने आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले. त्या बाया ते कधीपासून सांगत होत्या, ऐकणारा नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायांच्या नावावर आहेत. रानात मात्र निम्म्याहून जास्त कष्ट त्यांचे, हे गावातला कुणीही सांगेल. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत नाव नाही. योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. कागदावर जी नाही ती पडद्यावरही नाही, आणि पडद्यावर नाही म्हणून कागदावर आणावी असे कुणाला वाटत नाही. हे चक्र कुठून तरी तोडायला हवे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेने हजारो घरांत बायकोच्या नावे जमीन करून दाखवली होती. तेव्हा हे होऊ शकले, तर आजही होऊ शकते.

कुणी म्हणेल, सिनेमाने पोट भरते का? नाही भरत. पटाने पाऊस पडत नाही की भाव वाढत नाही. पण ज्याचे काम दिसत नाही त्याची अडचणही दिसत नाही, आणि जी अडचण दिसत नाही तिच्यावर योजना निघत नाही. हा साधा हिशेब आहे.

म्हणून सरपंच मंडळींना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो) तीन गोष्टी सुचवतो. एक, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती नुसत्या सह्यांवर उरकू नका, तिथे असा एखादा पट दाखवा आणि नंतर अर्धा तास फक्त बायांना बोलू द्या. दोन, आज घरोघरी मोबाइल आहे. ई-पीक पाहणीला आपण पिकाचा फोटो काढतोच. बचत गटातल्या दोघी-तिघींना त्याच मोबाइलवर बियाण्याची निवड, साठवण, खुरपणी यांचे पाच-पाच मिनिटांचे चित्रण करायला सांगा. चित्र हलले तरी हरकत नाही, बोली गावची असू द्या. तीन, ते चित्रण शेजारच्या गावात दाखवा. साहेबाने सांगितलेले माणूस ऐकून घेतो, शेजारणीने केलेले मात्र करून पाहतो.

आमच्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. पट दाखवायला गेलात की सतरंजी मागे आणि ओटा पुढे करा. निदान आपण कुणाशी बोलतोय हे तरी दिसेल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. फलक लागतील, भाषणे होतील, शाली दिल्या जातील. मी त्या गावात पुन्हा गेलो आहे. आजीबाईंनी राखेत घोळलेली ज्वारी कणगीतून काढून दाखवली, ओंजळीत घेऊन. एका पोराने मोबाइलवर त्याचे चित्रण केले. सात मिनिटांचे आहे, आवाजात कोंबडा आरवतो, मधेच म्हैस येते. येत्या हंगामाआधी तेच मी चार गावांत दाखवणार आहे. त्यात बाई एकदाच येत नाही, आणि डोईवर भाकरी घेऊन तर मुळीच येत नाही.