विश्लेषण : वीज कंपनी आणि आदिवासींमध्ये विश्वास कसा निर्माण होतो? कॅनडातील क्री समाजाचा अनुभव काय सांगतो?

कॅनडातील क्युबेक प्रांताची बहुतांश वीज नद्यांच्या पाण्यावर तयार होते. ती तयार करणारी सरकारी कंपनी हायड्रो-क्युबेक आणि या नद्यांच्या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहणारा क्री आदिवासी समाज एकेकाळी न्यायालयात समोरासमोर उभे होते. तेथून भागीदारीच्या करारापर्यंत यायला जवळपास ३० वर्षे लागली.

वादाची सुरुवात कशी झाली?

१९७१ मध्ये प्रांताचे तत्कालीन प्रीमियर रॉबर्ट बुरासा यांनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या क्रींना आधी कोणी विचारलेच नव्हते. ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती अल्बर्ट मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने तो आठवडाभरातच स्थगित केला, पण सरकारला वाटाघाटींना बसावे लागले. १९७५ च्या करारात क्री आणि इनुइट समाजांना २२.५ कोटी डॉलर भरपाई आणि शिकारीचे हक्क मिळाले. प्रकल्प मात्र सुरूच राहिला.

भरपाईनंतरही नाराजी का?

जलाशयात जंगल आणि माती बुडाली की ती कुजू लागते. त्यातील पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी या विषारी संयुगात रूपांतर होते आणि ते माशांमध्ये साठते. रोजच्या जेवणातला मासाच जपून खाण्याची वेळ क्रींवर आली. पैशांनी भरून निघणारे हे नुकसान नव्हते.

न्यूयॉर्कचा काय संबंध?

पुढच्या ग्रेट व्हेल प्रकल्पाच्या वेळी क्रींनी थेट ग्राहकालाच गाठले. १९९० मध्ये क्री आणि इनुइट वल्ही मारत न्यूयॉर्कला पोहोचले. १९९२ मध्ये न्यूयॉर्कने वीजखरेदीचा करार रद्द केला आणि १९९४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. सरदार सरोवराच्या कर्जावरून नर्मदा बचाव आंदोलन जागतिक बँकेला जाब विचारत होते, तोच हा काळ.

२००२ च्या करारात वेगळे काय?

‘शूरांचा शांतता करार’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा हा करार क्री आणि क्युबेक सरकार यांच्यात ५० वर्षांसाठी झाला. त्यानुसार क्रींना एकूण सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मिळणार आहेत. ही रक्कम त्या भागातील वीज, जंगल आणि खाणींच्या उत्पादनाशी जोडलेली आहे. म्हणजे एकरकमी भरपाईऐवजी उत्पन्नात वाटा. त्या बदल्यात क्रींनी रूपर्ट नदीचे पाणी वळवण्यास संमती दिली.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. २००६ मध्ये चिसासिबी, नेमास्का आणि वास्कागानिश या तीन क्री वस्त्यांनी मतदान घेऊन रूपर्ट वळवण्यास विरोध नोंदवला. तरीही २००९ मध्ये नदी वळवली गेली. समाजाच्या नेतृत्वाची सही म्हणजे प्रत्येक गावाची संमती का, हा प्रश्न तेथे आजही जिवंत आहे.

आता पुढे काय?

न्यूयॉर्क शहराला १,२५० मेगावॉट वीज नेण्यासाठी आखलेल्या वाहिनीच्या क्युबेकमधील भागाच्या मालकीत काहनावाके येथील मोहॉक समाज हायड्रो-क्युबेकचा भागीदार आहे. ज्या न्यूयॉर्क राज्याने आदिवासींच्या विरोधानंतर करार मोडला होता, त्याच राज्यातील शहरासाठीच्या वाहिनीत आता आदिवासी समाजाचा मालकी हिस्सा आहे. १९७१ मध्ये क्रींना साधे विचारलेही गेले नव्हते, हे लक्षात घेतले तर बदल मोठा आहे. पण तो कंपनीच्या सदिच्छेतून आपोआप आलेला नाही. न्यायालय, ग्राहक आणि करार यांच्या बळावर तो मिळवावा लागला.