ठिबकला अनुदान मिळतं, दुरुस्तीचं काय?

होळी झाली की विहिरींची पातळी खाली जाते आणि गावोगावी एकच बोलणं सुरू होतं, 'पाणी पुरत नाही, नवा बोअर घ्यावा लागेल.' बोअर घेण्याआधी शेतातलं ठिबक एकदा नीट बघा. कित्येकदा पाणी असतं, पण ते झाडापर्यंत पोचत नाही.

साधा हिशोब आहे. ताशी ४ लिटरचा ड्रीपर ६ तासांत २४ लिटर पाणी देतो. क्षारांनी तो निम्मा बुजला तर झाडाला १२ लिटरच मिळतात. मोटार तेवढाच वेळ चालते, झाड मात्र अर्धपोटी. वर उंदरांनी कुरतडलेल्या नळीतून पाणी भलतीकडेच जातं.

दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत केंद्र आणि राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंड खर्चाच्या ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान देण्याची तरतूद आहे. पण पैसा नव्या संचाला. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान हवं तर ७ वर्षं थांबा. मधल्या काळातली दुरुस्ती आपल्याच खिशातून. योजनेची प्रगती मोजतात ती हेक्टरमध्ये. त्यातले किती संच आज धड चालतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मग आपल्या हातात काय आहे? आधी फिल्टर धुवा. मग सबमेन आणि नळ्यांच्या शेवटच्या टोप्या काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक वाटी ठेवून सारख्याच वेळात किती पाणी भरतं ते बघा. फरक मोठा असेल तर नळी तुंबली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पांढरे क्षार दिसले तर जाणकाराच्या सल्ल्याने आम्ल प्रक्रिया करा. आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी ओतू नका. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

एकट्याला हे जड जातं. गावातल्या शेतकरी गटाने जॉइनर, ग्रोमेट, टोप्या एकत्र आणल्या आणि कृषी विभागाकडून दरवर्षी फाल्गुनात ठिबक तपासणीचं शिबिर मागून घेतलं, तर काम सोपं होईल. येत्या ग्रामसभेत नव्या संचाच्या मागणीबरोबर हा विषयही मांडा. नवा बोअर लागेलच याची खात्री कुणी देत नाही. तुंबलेली नळी मात्र एका दिवसात मोकळी होते.