घर गहाण टाकणारे प्राचार्य

दिवाळीत प्राध्यापकाच्या घरी येणारी निम्मी मंडळी फराळाला येतात आणि उरलेली निम्मी सल्ला मागायला. प्राध्यापकाकडे सल्ला फुकट मिळतो असा एक समज आहे. तो खरा असल्यामुळे मी त्याविरुद्ध कधी तक्रार करीत नाही.

परवा शेजारचे नाना आले ते दोन्हींसाठी. बरोबर त्यांची नात होती. नववीतली पोर, उन्हाने रापलेली, गुडघ्यावर खरचटल्याची ताजी खूण. चिवड्याची बशी हाती येताच नानांनी सुरुवात केली, "सर, तुम्हीच हिला चार शब्द सांगा. पुढच्या वर्षी दहावी, आणि ही रोज पहाटे उठून मैदानावर पळायला जाते. शाळेतले खेळाचे सर म्हणतात, जिल्ह्याच्या स्पर्धेला नेतो. अहो, पळून कुणाचं भलं झालंय?"

मुलगी काही बोलली नाही. सौभाग्यवतींनी मुकाट्याने तिच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली. आमच्या घरी पुष्कळ खटल्यांचा निकाल असा साक्षीपुराव्याआधीच लागतो.

नानांच्या प्रश्नाला नोकरीच्या भाषेत उत्तर देणे अवघड नव्हते. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी 5 टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हे सारे मी सांगितले. नानांनी मान डोलावली, पण ती चिवड्याला असावी. मग मी त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली.

कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. जन्म 15 जानेवारी 1926 चा. पाच भावांत हे धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे आखाड्याची माती घरचीच. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. तिथल्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांचा किरकोळ बांधा पाहूनच वाटेला लावले. दुसरा एखादा मुलगा खोलीवर जाऊन गप्प बसला असता. खाशाबा थेट प्राचार्यांपुढे जाऊन उभे राहिले. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना उतरू दिले, आणि त्या किरकोळ पोराने अंगाने भारी असलेल्या गड्यांना लोळवले.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या मल्लाला तिथली गादी नवी, तिथले नियमही नवे. तरी सहावा क्रमांक आला. 1952 साली हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली, पण ती किती पुरणार? तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि 7,000 रुपये उभे केले.

"स्वतःचं घर?" नानांचा चमचा थांबला. घर या विषयावर शहरातला मध्यमवर्गीय माणूस ताबडतोब सावध होतो.

हो, स्वतःचे घर. हेलसिंकीला खाशाबांनी बॅन्टमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपान आणि रशियाच्या तगड्या मल्लांशी गाठ पडली. दोन कुस्त्यांच्या मध्ये हवी ती विश्रांतीही मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरीही 23 जुलै 1952 रोजी त्यांच्या पदरात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक मिळायला 1996 साल उजाडले, म्हणजे मध्ये 44 वर्षे गेली! खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या.

1955 साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले आणि सुमारे 27 वर्षे नोकरी करून असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. बढत्या लवकर आल्या नाहीत. निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

नानांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे शेवटी हाती काय आलं सर? तुमच्या गोष्टीनं माझंच म्हणणं खरं ठरलं."

मी गप्प राहिलो, कारण मला एक दुसरी गोष्ट आठवत होती. ती मी नानांना सांगितली नाही, ती इथे सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खेड्यातून आलेला एक कबड्डीपटू होता. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आठवडाभर जायचे होते आणि त्याची हजेरी आधीच कमी भरत होती. एका कागदावर माझी सही हवी होती. मी त्याला म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." वाक्य बिनचूक होते. ते उच्चारताना मला स्वतःविषयी थोडा आदरही वाटला. मुलगा "बरं सर" म्हणून गेला. तो स्पर्धेलाही गेला नाही आणि पुढच्या वर्षी वर्गातही दिसला नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या गर्दीत एका हवालदाराने मला हात धरून रस्ता ओलांडून दिला आणि वाकून नमस्कार केला. तोच मुलगा! कॉलेज सोडून तो गावी गेला, तेव्हा त्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला घरून ओढून मैदानावर आणले आणि पोलीसभरतीच्या धावण्याची तयारी करून घेतली. बुटांचे पैसेही त्यांनीच दिले. आता सुटीच्या दिवशी तो पोलीस वसाहतीतल्या पोरांना कबड्डी शिकवतो. माझ्या सहीबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. मीच काढावे असे वाटत होते, पण तेवढ्यात मागून ढोलपथक आले आणि तो पुन्हा गर्दीत शिरला. गर्दीला तो ओरडत नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंना वाट करून देत होता.

खर्डेकरांनी घर गहाण टाकले. मला चार दिवसांची हजेरी गहाण टाकता आली नाही. 'पळून कुणाचं भलं झालंय' हा नानांचा प्रश्न मी इतकी वर्षे दुसऱ्या शब्दांत विचारीतच होतो. पोरामागे उभे राहायला आपण काय पणाला लावले, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नाही.

बैठकीत जरा शांतता पसरली होती. इतका वेळ गप्प असलेली नात हळूच म्हणाली, "काका, त्या प्राचार्यांचं घर सुटलं का?"

मी चमकलो. गोष्टीतला सर्वांत मोठा भाग सांगायचा राहूनच गेला होता.

"सुटलं ना," मी म्हणालो. "हेलसिंकीहून आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले. स्वतः त्यात लढले, पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. पोलिसाची वर्दी त्यांच्या अंगावर आली ती त्यानंतर."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. पायांत चपला घालताना त्यांनी नातीला विचारले, "उद्या किती वाजता जायचंय तुला?"

"साडेपाचला, आजोबा."

"अंधार असतो गं तेव्हा. मी येतो सोबत. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. सुटी संपून कॉलेज उघडले की माझ्या टेबलावरही असाच एखादा कागद सहीसाठी येईल. पेन जवळ ठेवायचे मी ठरवले आहे.