यंत्राची तहान

आमच्या १२ माणसांच्या घरांत भांडीं धुण्याचें यंत्र गेलीं ९ वर्षें इमानानें राबत आहे. गेल्या महिन्यांत मात्र ताटवाट्यांना खरकटें तसेंच राहूं लागलें. दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें "यंत्र जुनें झालें, नवें घ्या" असा निकाल दिला. घरांतील दोन्ही सुनांस कचेरीहून परतल्यावर रात्रीं उशिरांपर्यंत भांडीं घासावीं लागलीं. तें आम्हांस पाहवेना.

अखेर आम्हींच शोध घेतला. यंत्र मध्येंच थांबवून पाहिलें, तों तळाशीं पाणी जेमतेम! अर्थात् रोग पाण्याचा होता, वयाचा नव्हे.

प्रथम नळाची तोटी पुरती उघडी आहे ना, नळी कोठें दुमडली नाहीं ना, तें पाहिलें. कांहीं यंत्रांत तळाशीं तरंगती टोपी असते. ती घाणीनें वरच अडकली, तर यंत्रास पोट भरल्याचा भास होतो. आमची टोपी मोकळी होती. मग वीज व नळ बंद करून नळी सोडविली. यंत्रांत पाणी शिरतें तेथील बारीक जाळी गाळानें व क्षारांनीं बुजली होती. ती व्हिनेगरमध्यें भिजवून जुन्या ब्रशानें साफ केली, आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

पुष्कळ यंत्रांना निदान ०.५ बार दाब लागतो. म्हणजे टांकींतील पाणी नळाहून सुमारें ५ मीटर उंच हवें. टांकीलगतच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं हेंही तपासावें.

जुनें झालें म्हणून मोडीत काढण्यापूर्वीं घशाशीं काय अडकलें आहे, तें पाहावें. हा न्याय केवळ यंत्रापुरताच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.