ब्रेल आणि सांकेतिक भाषा पहिल्या दिवसापासून

अल्पदृष्टी असलेले मूल पहिलीत दाखल झाले की आपला पहिला प्रश्न असतो, थोडेफार दिसते का? दिसत असेल तर मोठ्या टायपातली प्रत, भिंग, फळ्याजवळची जागा. कर्णबधिर मूल आले की विचारतो, यंत्र लावल्यावर किती ऐकू येते? येत असेल तर श्रवण प्रशिक्षण, वाचा उपचार, ओष्ठवाचन. हे सगळे करायलाच हवे. पण ब्रेल आणि सांकेतिक भाषा 'बाकी काही जमले नाही तर बघू' म्हणून मागे राहतात, आणि जमत नाही हे ध्यानात येईपर्यंत मूल चौथी-पाचवीत पोहोचलेले असते. तोवर गेलेली वर्षे कुठल्याही उपचारवर्गाने भरून येत नाहीत.

अशी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पाचवीतली मुलगी, नाक पानाला टेकलेले, मान वाकडी. एकेक अक्षर जुळवत ती ओळीच्या शेवटाला येते तेव्हा ओळीची सुरुवात विसरलेली असते. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. तिच्या प्रगतिपुस्तकावर मात्र 'छापील मजकूर वाचू शकते' असा शेरा असतो. तो खोटा नाही, पण या वेगाने इतिहासाचा एक धडादेखील वाचून होत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या विकारात तर नजर उतरत जाणार हे निदानाच्या वेळीच माहीत असते. तरीही पूर्ण अंधत्व येईपर्यंत ब्रेल थांबते. थोडी नजर असताना, मन शांत असताना जे सहज आले असते, ते नजर गेल्याच्या दुःखात शिकावे लागते.

'आता ब्रेल कशाला, मोबाइल सगळे वाचून दाखवतो,' हे पालक म्हणतात आणि हल्ली काही शिक्षकही म्हणू लागले आहेत. स्क्रीन रीडर आणि २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय यांनी अंध विद्यार्थ्यांपुढे ग्रंथांचे दार उघडले, हे मोठे काम आहे. पण ऐकून गोष्ट कळते, शुद्धलेखन कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच वाटतात. बोटाखाली मात्र ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा आणि पाचवा. घोटाळा होत नाही. भारती ब्रेलमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर येते, रफार डोक्यावर न चढता र म्हणून ओळीतच उभा राहतो, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच लिहायचे. ळला स्वतःचे चिन्ह आहे. मराठीसाठी ही लिपी किती सोयीची आहे, हे सामान्य शाळेतल्या शिक्षकांना आपण कधी नीट सांगितले आहे का? गणिताचे तर विचारूच नका. भागाकाराची मांडणी कानाने होत नाही, तिथे टेलर फ्रेम किंवा ब्रेल कागदच हवा. आणि जो विद्यार्थी स्वतःचे उत्तर स्वतः लिहून पुन्हा वाचू शकत नाही, तो दहावीला लेखनिकावर पूर्णपणे अवलंबून राहतो. लेखनिकाची चूक त्याला सापडतही नाही.

ब्रेलची तयारी पाटी आणि कलम हातात येण्याच्या बरीच आधी सुरू होते. घरी मूग, मटकी, वाल बोटांनी वेगळे करणे, मणी ओवणे, कणीक मळणे, ताटलीच्या कडेने बोट फिरवणे. दोन्ही हातांनी वाचण्याची सवय तर सुरुवातीलाच लागावी लागते: उजवे बोट ओळ संपवत असताना डाव्याने पुढची ओळ शोधायची. एका बोटाने वाचायची खोड एकदा जडली की मोडता मोडत नाही आणि वेग कायमचा अडतो. महिन्यातून एकदा शाळेत येणाऱ्या फिरत्या शिक्षकाकडून हे होणार नाही. ब्रेलला रोजचा सराव लागतो.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत नुकसान अधिक खोल आहे, कारण तिथे लिपीच्या आधी भाषाच पणाला लागते. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार केली. त्या ठरावांबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत जाहीर खेद व्यक्त झाला. आपल्याकडच्या कितीतरी वर्गांत मात्र 'हात खाली, तोंडाने बोल' हा दंडक अजून सुटलेला नाही. हातांनी बोलणाऱ्या आईवडिलांची बाळे ऐकू येणाऱ्या बाळांच्याच वयात पहिल्या खुणा करू लागतात. म्हणजे मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याने त्याचे अडत नाही. अडते ते भाषाच न मिळाल्याने.

खुणा शिकल्या की मूल बोलणार नाही, ही भीती पालकांच्या मनात आपल्याच क्षेत्राने घातली. ती आपणच काढायला हवी. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून ७ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेचे फळही दिसते. पण बॅटरी संपते, वायर तुटते, मॅपिंगसाठी गावाहून जिल्ह्याला किंवा मुंबई-पुण्याला यावे लागते. प्रोसेसर दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस त्या मुलाने घरात कोणाशी आणि कसे बोलायचे? यंत्र आणि खुणा दोन्ही असतील तर मूल कधीच भाषेविना राहत नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला, तो सर्वांना खुला आहे. आईला रोज पाच खुणा शिकवायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिक्षण देण्याची तरतूद आहे; कलम १७ ब्रेल आणि सांकेतिक भाषेत पारंगत शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, नेमायला सांगते. त्यांतले 'दिव्यांग शिक्षकांसह' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. बोटांनी सराईतपणे वाचणारे अंध शिक्षक आणि हातांनी गोष्ट रंगवणारे कर्णबधिर शिक्षक वर्गात असले की पालकांची निम्मी शंका तिथेच मिटते.

मुले जवळच्या शाळेत जाऊ लागल्याने आपल्या काही निवासी शाळांचे वर्ग विरळ होत आहेत, अशी चिंता शिक्षकांच्या बैठकीत ऐकू येते. पण ब्रेलचे आणि खुणांचे जाणते हात याच शाळांत आहेत. ते परिसरातल्या शाळांना द्या. सुट्टीत ब्रेलची निवासी शिबिरे घ्या, शनिवारी पालकांसाठी सांकेतिक भाषेचा वर्ग चालवा, अंगणवाडी सेविकांना बोलवा.

येत्या जूनमध्ये वैयक्तिक शैक्षणिक आराखडे भरताना एवढे करा. नजर टिकणार नाही किंवा छापील वाचनाचा वेग वर्गाला पुरणार नाही अशा प्रत्येक अल्पदृष्टी मुलाच्या आराखड्यात ब्रेलचा रोजचा तास लिहा. प्रत्येक कर्णबधिर मुलाच्या आराखड्यात, यंत्र असो वा इम्प्लांट, सांकेतिक भाषा लिहा, आणि ती शिकणाऱ्यांच्या यादीत आईवडिलांचे नावही घाला. दिवाळीपर्यंत काय घडले, कुठे अडले, ते आम्हाला कळवा. अडचणींसकट सगळे छापू.